कंपनीतली मावशी

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातली कंपनी जुनी असेल आणि तिथं वर्षाकाठी गॅदरिंग होत असेल, तर त्या कंपनीत एक मावशी असतेच. ती टूलरूमला असते, मेंटेनन्सला असते, नाहीतर स्टोअर्सच्या काउंटरमागे. तिला मिशी असते, पतपेढीचं कर्ज असतं आणि युनियनच्या निवडणुकीत पडल्याचा एक जुना सल असतो. पगाराच्या स्लिपवर तिचं भलतंच काही नाव वडिलांच्या नावासकट छापलेलं असतं. पण ते कॉम्प्युटरला ठाऊक. गेटवरच्या वॉचमनपासून प्लांट हेडपर्यंत सगळे ओळखतात ते मावशीला. ‘मावशी आले का?’, ‘मावशी मघाशीच पंच करून गेले’, ‘मावशींच्या हातचा जॉब आहे, डोळे मिटून पास करा.’ बाहेरच्या माणसाला हे ऐकून घेरी येते. आतल्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

याचं मूळ ‘मोरूची मावशी’. आचार्य अत्र्यांचं हे नाटक ज्या हौशी मंडळानं केलं, तिथं ज्यानं लुगडं नेसलं तो कायमचा अडकला. मोरू झालेला माणूस पुढे फोरमन होतो आणि लोक मोरूला विसरतात. मावशी झालेला माणूस फोरमन झाला, तर लोक एवढंच म्हणतात, ‘मावशींना प्रमोशन मिळालं.’

माझ्या पाहण्यातले मावशी निगडीला यमुनानगरात राहतात. सगळी नोकरी टूलरूममध्ये झाली, आता रिटायर आहेत. अंगानं आडवे, हातावर दाट केस. आवाज प्रेस शॉपच्या धडधडाटावर मात करून कमावलेला, त्यामुळे जेवताना मीठ मागितलं तर शेजारचे आणून देतात. असा माणूस मावशीच्या भूमिकेसाठी कुणी शुद्धीवर असताना निवडणार नाही, आणि निवडलाही नव्हता. ते मुळात प्रॉम्प्टर. मावशीचं काम मिळालं होतं पेंट शॉपमधल्या एका गोऱ्यागोमट्या, नाजूक पोराला. प्रयोग शनिवारी, आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याला सेकंड शिफ्ट लागली. शिफ्ट बदलून मागायला गेला तर सुपरवायझर म्हणाला, ‘इथं नाटकं चालणार नाहीत.’ संध्याकाळी पाच वाजता मंडळापुढे प्रश्न उभा राहिला: मावशी कोण? सगळे संवाद पाठ असलेला माणूस एकच, पडद्याआड पुस्तक धरून बसणारा. यायची ती मावशी येत नाही आणि ऐनवेळी भलत्यालाच लुगडं नेसवलं जातं, हे त्या नाटकाचं कथानक. तेच यांचं आत्मचरित्र झालं.

त्या रात्रीची हकिगत मावशी कितीही वेळा सांगू शकतात आणि सांगतात. नऊवारी बायकोची. पोलकं मात्र तिचं बसेना, म्हणून कॉलनीतल्या सर्वांत धिप्पाड वहिनींकडून मागून आणलं. छाती उभी केली ती शॉप फ्लोअरवरच्या कॉटन वेस्टच्या दोन गोळ्यांवर. हे कॉटन वेस्ट म्हणजे मशिनला लागलेलं ऑइल पुसायचा सुताचा गुंता; नवा असला तरी त्याला कंपनीचा वास असतोच. पायात घालायला त्या मापाची बायकी चप्पल कुठं मिळेना, तेव्हा लुगड्याखाली सेफ्टी शूज. मावशी प्रवेश करायच्या आधी विंगेतून ठाण ठाण आवाज यायचा आणि पब्लिक आधीच हसायला लागायचं. दुसऱ्या अंकात एक गोळा सुटून पोटावर आला. विंगेत सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. मावशींनी शांतपणे पोलक्यात हात घातला, गोळा बाहेर काढला, त्यानं कपाळावरचा घाम पुसला, सवयीनं समोरच्या टेबलावरूनही एक हात फिरवला आणि गोळा होता तिथं परत ठेवला. टाळ्या थांबेनात. पुढल्या वर्षीपासून कॉटन वेस्ट निसटणं हा प्रयोगाचा पक्का भाग झाला आणि ते वेळेवर निसटावं म्हणून खास गाठ मारायला टूलरूमचाच एक माणूस विंगेत उभा राहू लागला.

इथवर हा साधा हौशी नट झाला. आमचे मावशी त्याच्या पुढे गेले. ज्या नाटकानं आपल्याला कायमचं लुगडं नेसवलं ते आलं कुठून, याचा त्यांनी छडा लावला. टूलरूमच्या माणसाला ड्रॉइंगशिवाय जॉब हातात घ्यायची सवय नसते. मूळ ड्रॉइंग कुणाचं, रिव्हिजन किती झाल्या, कुणाच्या सहीनं झाल्या, हे कळल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

तेव्हापासून मावशींसमोर कुठलाही विषय काढा, गाडी १८९२ सालावर येते. कुणी म्हणावं, ‘मावशी, यंदा फेब्रुवारी एकोणतीसचा आहे, एक दिवसाचा पगार फुकट गेला.’ मावशी चहाचा कप खाली ठेवणार. ‘एकोणतीस फेब्रुवारी! तारीख ठाऊक आहे का? २९ फेब्रुवारी १८९२, बरी सेंट एडमंड्स, थिएटर रॉयल. ‘चार्लीज आंट’चा पहिला प्रयोग. नाटककार ब्रँडन थॉमस, लिव्हरपूलचा. आपल्यासारखाच नोकरदार माणूस, व्यापारी पेढीत काम करता करता नट झालेला. नाटकाचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच. आणि १९०० साल लीप नव्हतं, म्हणजे १८९६ नंतर एकदम १९०४! आठ वर्षं केक नाही.’ नोकरीत होते तेव्हा तोवर कॅन्टीनची बेल झालेली असायची.

बेल झाली तरी मावशी थांबत नसत, आताही थांबत नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नाटक लंडनला रॉयल्टी थिएटरात लागलं, पुढच्याच महिन्यात मोठ्या ग्लोब थिएटरात हलवावं लागलं आणि चार वर्षांत १,४६६ प्रयोग झाले. त्याआधीचा उच्चांक ‘अवर बॉइज’ नावाच्या नाटकाचा, १,३६२. हे आकडे मावशी उत्पादनाचे आकडे सांगावेत तशा सुरात सांगतात आणि वर ‘रिजेक्शन शून्य’ अशी पुस्ती जोडतात. मावशीचं काम डब्ल्यू. एस. पेन्ली या नटाचं, आणि नाटककार स्वतः त्यात कर्नलच्या भूमिकेत उभा. ऑक्टोबर १८९३ मध्ये नाटक न्यूयॉर्कला पोचलं. साहेबाचं राज्य जिथं जिथं होतं तिथं फिरत्या मंडळ्या ते घेऊन गेल्या. ते एस्पेरांतोत झालं, झुलूत झालं. ‘आणि आपण मराठीत एवढी वर्षं काय करत होतो?’ मावशी विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. ‘शेक्सपिअर! आगरकरांनी हॅम्लेटचा ‘विकारविलसित’ केला १८८३ ला, देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला १८९० ला. सगळी विद्वान माणसं, सगळी नाटकं रडायची. लुगड्यातल्या पुरुषाला हसायला आपल्याला १९४७ साल उजाडावं लागलं.’

१९४७ म्हणजे अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’चं साल. सासवडचा माणूस, पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचा हेडमास्तर, लंडनला जाऊन शिक्षकाची पदविका घेऊन आलेला. त्याला इंग्रजी मध्यमवर्गाची सोवळ्याओवळ्याची धास्ती बरोबर ओळखता आली, कारण ती सदाशिव पेठेतही होती. मूळ नाटकात ऑक्सफर्डच्या दोन पोरांना आपापल्या मुलींना जेवायला बोलवायचंय. घरात वडीलधारी बाई नसेल तर मुली येणार नाहीत. एकाची ब्राझीलहून येणारी श्रीमंत मावशी वेळेवर पोचत नाही, म्हणून मित्रालाच मावशी करतात. पैशाच्या लोभानं म्हातारे त्या मावशीच्या मागे लागतात, आणि खरी मावशी दुसऱ्या अंकात येऊन उभी राहते. ऑक्सफर्ड पुसून इथलं गाव लिहिलं तरी धागा तुटत नाही. या सगळ्याचा मावशींनी एका वाक्यात समारोप करून ठेवलाय आणि त्यावर ते टाळीसाठी थांबतात: ‘१९४७ ला साहेब गेला, पण साहेबाची मावशी इथंच राहिली!’

आमच्या पट्ट्यात ती का राहिली, याचंही त्यांच्याकडे शास्त्र आहे. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली, साठच्या दशकात टेल्को आली, बजाज आली, आणि कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून पोरं इथं येऊन एकेका खोलीत चार-चार राहू लागली. शिफ्ट सुटल्यावर करायचं काय? भजन, कबड्डी आणि नाटक. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा होत्या, कंपन्यांची मंडळं होती; नव्हत्या त्या नट्या. बाहेरून बाई आणायची तर तिची नाइट द्यावी लागे, शिवाय तालमीचं जाणं-येणं. वर्गणीतून जमलेले पैसे दोन नाइटींतच संपत. अशा वेळी ज्या नाटकात मुख्य बाईच पुरुष आहे, ते नाटक खजिनदारांना देवासारखं वाटलं. मराठी रंगभूमीच्या इतिहासात खजिनदारांचं नाव कुणी घेत नाही याचं मावशींना वाईट वाटतं.

रसिकांनी जपून ठेवावा असा त्यांचा सिद्धांत मात्र वेगळाच आहे, आणि तो सांगताना ते पहिल्यांदाच आवाज खाली आणतात. ‘बालगंधर्वांकडे बघून घरंदाज बायका साडी कशी नेसायची ते शिकल्या. तिथं आत पुरुष आहे हे प्रेक्षकानं विसरायला हवं. मावशीचं उलट. आत पुरुष आहे हे प्रेक्षकानं क्षणभरही विसरता कामा नये, आणि स्टेजवरच्या एकालाही ते कळता कामा नये. बालगंधर्व व्हायला देवाची देणगी लागते. मावशी व्हायला थोडं वाईट बाईकाम करावं लागतं. पण तेही बेतानं, मायक्रॉननं मोजून. जास्त वाईट केलं तर तमाशा, चांगलं केलं तर नाटक पडलं.’ पेन्लीची मावशी सिगार ओढायची ती याच हिशोबानं, आणि आपलं कॉटन वेस्टही त्याच परंपरेतलं, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

१९८५ मध्ये ‘सुयोग’ या नाट्यसंस्थेनं हे नाटक नव्यानं आणलं आणि विजय चव्हाणांची मावशी महाराष्ट्रभर गाजली. लक्ष्मीकांत बेर्ड्यांनीच त्यांचं नाव सुचवलं होतं असं सांगतात. दोन हजारांच्या आसपास प्रयोग त्यांनी केले. आमच्या मावशींच्या देव्हाऱ्यात जागा असती तर चव्हाणांचा फोटो तिथं लागला असता. ‘गिरणगावातला माणूस. लालबागचा. कामगारांच्या वस्तीतच मावशी पिकते,’ असं ते म्हणतात. पुढे भरत जाधवांनीही मावशी केली. तीही पाहिली, मान हलवली. संत तुकाराम नगरातल्या आचार्य अत्रे रंगमंदिरात जाताना हे गृहस्थ पायरीला हात लावून नमस्कार करतात. रंगमंदिराला अत्र्यांचं नाव म्हणजे ते मावशीचं माहेर. प्रयोगाला पुढच्या रांगांत बसतात आणि नटाच्या अर्धा सेकंद आधी प्रत्येक वाक्य पुटपुटतात. शेजारच्यानं ‘काका, जरा हळू’ म्हटलं तर ‘सवय आहे, प्रॉम्प्टर होतो’ असं मोठ्यानं सांगतात. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावं नाट्यसंमेलन पिंपरी-चिंचवडला भरलं. तेव्हा इस्त्रीचा झब्बा घालून मंडपाच्या दारात उभे होते आणि पास तपासणाऱ्या स्वयंसेवकांना बरी सेंट एडमंड्सचं स्पेलिंग सांगत होते.

त्यांना राग येतो तो एकाच गोष्टीचा. नव्या पोरांपैकी कुणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे चाची ४२०!’ मावशींचा चेहरा पडतो. ‘बाळा, चाची १९९७ ची. तिची आई मिसेस डाउटफायर, १९९३ ची. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ ची, तीही १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून. या सगळ्या नाती-पणती. मावशी या घरातली थोरली. वयाचा मान ठेव.’

घरी मात्र या थोरलेपणाला कुणी विचारत नाही. त्यांच्या बायकोला तीन बहिणी, म्हणजे भाचरांची रीतसर मावशी ती. लँडलाइनच्या जमान्यात फोन वाजायचा, ‘मावशी आहेत का?’ ती हौसेनं ‘बोलतेय रे बाळा’ म्हणायची आणि पलीकडून जाड आवाज यायचा, ‘नाही, आपले मावशी. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे म्हणून सांगा.’ एकदा तिनं मला विचारलं, ‘भाऊजी, माझी नऊवारी गेली, बहिणीच्या पोरांसमोरचा मान गेला, आता काय नाटक राहिलंय?’ मावशी आतून ओरडले, ‘तिसरा अंक!’

तो अंक चाकणला लागला. त्यांचा मुलगा तिकडच्या एका कंपनीत आहे. ती कंपनी नवी, चकचकीत. तिथं गॅदरिंग नसतं, ‘फॅमिली डे’ असतो. एचआरच्या मॅडमनी मुलाला विचारलं, तुझ्या वडिलांना स्किट बसवता येईल का? मावशी तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तासभर उकडून निघाले आणि तिथं पोचले. मॅडम म्हणाल्या, ‘काका, बारा मिनिटांचा स्लॉट आहे. आणि सेफ्टीचा एखादा मेसेज आला तर फारच छान.’ मूळ तीन अंकी नाटक. मावशींनी बोटांवर हिशोब केला: अंकाला चार मिनिटं सायकल टाइम. ‘बसवतो,’ म्हणाले.

अडचण पुढे आली. लाइनवर आता मुलीही असतात. परभणीकडची, आयटीआय करून ट्रेनी म्हणून आलेली एक पोरगी पुढे झाली. ‘मावशी मी करणार.’

मावशींचा सिद्धांतच धोक्यात आला. ‘अगं, बाईनं मावशी केली तर ती मावशीच होईल की! त्यात हसायचं कशाला?’

‘काका, मी मावशी करतच नाही,’ ती म्हणाली. ‘मी मावशी करणारा माणूस करतेय. आमच्या लाइनवरचे एक क्वालिटीवाले आहेत. त्यांना लुगडं नेसवलं तर ते कसे बसतील, ते दाखवते.’

आणि तिनं दाखवलं. खुर्चीवर गुडघे फाकवून धपकन बसली. पदर टॉवेलसारखा खांद्यावर टाकला. नसलेल्या मिशीला पीळ दिला, तेवढ्यात समोर माणसं आहेत हे आठवल्यासारखं करून दोन्ही गुडघे एकदम जुळवले, आणि पीळ दिलेल्या त्याच दोन बोटांनी नाकातली नसलेली नथ सावरली. सगळे हसले. मावशी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

‘परत बस,’ ते म्हणाले.

ती परत बसली.

‘मिशीवरून नथीवर येताना हात मध्ये थांबव. एवढासाच. तिथं लाफ्टर आहे.’

मुलगा सांगत होता, येताना गाडीत बाबा मोशीपर्यंत काही बोलले नाहीत. मोशीला म्हणाले, ‘सिद्धांतात रिव्हिजन करावी लागेल. आत पुरुष असायलाच हवा असं मूळ ड्रॉइंगमध्ये कुठंच लिहिलेलं नाही. दिसला म्हणजे झालं.’ आणि मग भोसरी येईपर्यंत त्यांनी एक जुनीच गोष्ट मुलाला नव्यानं सांगितली. मूळ नाटकात त्या मित्राकडे बायकी कपडे आयते कुठून आले? तो एका हौशी नाटकात म्हातारीचं काम करणार होता, त्याची पेटी तिथंच होती. ‘म्हणजे जगातली पहिली मावशीसुद्धा हौशी नाटकाच्या पेटीतून निघाली. व्यावसायिकवाल्यांनी ती आपल्याकडून उसनी नेली. आता ही पोरगी पेटी उघडतेय, तर आपण कोण नाही म्हणणारे?’

फॅमिली डेला मी मुद्दाम गेलो. हॉलच्या दाराशी उंच स्टँडी उभी होती. त्यावर ‘संकल्पना: एचआर विभाग’ असं ठळक, त्याखाली प्लांट हेडचं नाव, त्याखाली ‘विशेष सहकार्य’ म्हणून कॅन्टीनचा कॉन्ट्रॅक्टर. ब्रँडन थॉमस नाही, अत्रे नाहीत, बसवणाऱ्याचा तर पत्ताच नाही. मला वाटलं, आता मावशींचा प्रेस शॉपचा आवाज सुटणार. त्यांनी खिशातून मार्कर काढला आणि उरलेल्या पांढऱ्या जागेत सावकाश लिहायला घेतलं: मूळ लेखक ब्रँडन थॉमस, १८९२. रूपांतर आचार्य अत्रे, १९४७. त्याखाली त्या पोरीचं नाव.

सिक्युरिटीवाला धावत आला. ‘ओ काका, काय करताय? कंपनीची प्रॉपर्टी आहे ती. कोण तुम्ही?’

‘खरी मावशी,’ मार्करला टोपण लावत ते म्हणाले. ‘आमची एंट्री दुसऱ्या अंकात असते.’